पोटातला जीव आणि पहिले शील

पावसाळा सरत आला होता आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर होता. कोपरगावातील एका वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना आटोपली, पुरुष मंडळी बाहेर पडली आणि आम्ही बाया सतरंज्या गुंडाळू लागलो. तेव्हा एका भगिनीने हळूच एक प्रश्न विचारला. तिच्या घराने दोन वर्षांपूर्वीच धम्मदीक्षा घेतली आहे. पदरात दोन लेकरे, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेऊन झालेली. ती फडात उतरली नाही तर खाडा पडणार आणि उचल अंगावर राहणार. ती म्हणाली, "आत्ताच आपण पहिलं शील घेतलं. मी पोट पाडलं, तर ते मोडतं का?"

एक आजी लगेच म्हणाल्या, "मोडतं. जीव केवढाही असला तरी जीवच. ज्याला ओरडताही येत नाही त्याला मारायचं, ही कसली दया?"

दवाखान्यात काम करणारी एक मुलगी म्हणाली, "आजी, पोटातल्या जीवाची दया येते, मग हिच्या जीवाची का येत नाही? कोपीत बाळंत व्हायचं आणि अंग सावरायच्या आत डोक्यावर मोळी घ्यायची, ते कोण बघतं?"

शब्दाला शब्द वाढला. मी चार पुस्तके वाचलेली म्हणून दोघींनी माझ्याकडे पाहिले. "वाचून सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली. ते मौन मला टोचत राहिले. आपल्या अनेक घरांत हा प्रश्न असाच दबक्या आवाजात विचारला जात असेल, म्हणून हे लिहिणे.

प्रथम, ग्रंथात जे आहे ते न लपवता सांगितले पाहिजे. विनयपिटकात भिक्षूंसाठी जे चार सर्वांत मोठे अपराध सांगितले आहेत, त्यांतला तिसरा मनुष्यहत्येचा आहे. तेथे मनुष्यजीवनाची सुरुवात आईच्या गर्भात चित्ताचा प्रथम उदय होतो तेथपासून धरली आहे. गर्भ पाडण्याचे औषध देणारा भिक्षू, गर्भ मेला, तर संघातून कायमचा जातो. म्हणजे आजी म्हणाल्या त्याला आधार नाही असे कोणी म्हणू नये. गर्भपात ही नख कापण्यासारखी गोष्ट आहे, असे धम्म सांगत नाही.

पण त्याच ठिकाणी दिलेली उदाहरणे नीट वाचावीत. एका स्त्रीचा नवरा परगावी असताना तिला दुसऱ्यापासून दिवस जातात आणि ती भिक्षूकडे औषध मागते. दुसऱ्या उदाहरणात दोन सवती आहेत. एक वांझ, एक गर्भार. वांझ सवत दुसरीचा गर्भ पाडण्यासाठी औषध मागते. पहिली स्वतःच्या देहाबद्दल आणि स्वतःच्या संकटाबद्दल बोलते आहे. दुसरी मत्सरापोटी दुसऱ्या बाईच्या पोटावर उठली आहे. गर्भ मेला तर औषध देणारा भिक्षू दोन्हीकडे दोषी ठरतो, कारण त्याने जीव न घेण्याचे व्रत घेतले आहे. परंतु त्या स्त्रियांना काय शिक्षा करावी, याचा नियम विनयात नाही. विनय भिक्षुसंघाची शिस्त आहे, गृहस्थ स्त्रीवर चालवायचा कायदा नव्हे.

मग उपासक-उपासिकांसाठी काय? पंचशील. आणि पंचशील कोणी आपल्यावर लादत नाही. 'मी अलिप्त राहण्याची शिक्षा ग्रहण करतो' असे आपण आपल्याच तोंडाने म्हणतो. शील हा आपल्या मनासमोर धरलेला आरसा आहे. तो शेजारणीच्या पाठीत घालण्याचा सोटा नव्हे. 'मी हे करणार नाही' असे आजी म्हणतात तेव्हा त्या शील पाळतात. 'तू हे करायचे नाहीस' असे त्या म्हणतात तेव्हा त्या शिलाच्या बाहेर पाऊल टाकतात.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तत्त्व आणि नियम यांतला भेद स्पष्ट केला आहे. अहिंसा हे तथागतांनी तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून नव्हे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करायला लावते. गरजेपोटी केलेली हिंसा आणि हौसेने, इच्छेने केलेली हिंसा यांत बाबासाहेब फरक करतात. गर्भपाताविषयी त्यांनी तेथे काही ठरवून दिलेले नाही. त्यांच्या तोंडी आपले मत घालू नये. विचार करण्याची रीत मात्र त्यांनी दिली आहे.

येथे कोणी म्हणेल, 'गरज' हा शब्द सोयीचा आहे; उद्या कोणीही कशालाही गरज म्हणेल. शंका रास्त आहे. म्हणून पहिला प्रश्न विचारावा, गरज कोणाची? या कसोटीवर एक गोष्ट निर्विवादपणे उघडी पडते. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे. तेथे आईचा जीव धोक्यात नसतो, घरात अन्नाची ददात असतेच असे नाही. तेथे असतो तो मुलाचा हव्यास आणि मुलीचा तिरस्कार, म्हणजे लोभ, द्वेष आणि मोह ही तिन्ही अकुशल मुळे एकाच कृत्यात. महाराष्ट्राने अशा गर्भलिंग तपासणीवर १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला. देशाचा कायदा १९९४ साली झाला. तरीही ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ साली ९१३ होती, ती २०११ साली ८९४ झाली. आपला अहमदनगर जिल्हा, आजचा अहिल्यानगर, दोन्ही वेळा राज्याच्या सरासरीखाली होता. वरच्या दोन सवतींची गोष्ट आठवा. आज त्या वांझ सवतीच्या जागी कधी सासू असते, कधी नवरा, आणि कधी स्वतः आईच्या मनात शिरलेली त्यांची भीती असते.

दुसरा प्रश्न विचारावा, ठरवते कोण? या प्रश्नापाशी आजी आणि ती मुलगी एकमेकींच्या जवळ येतात. हंगाम बुडेल म्हणून मुकादम किंवा नवरा 'खाली करून घे' म्हणतो आणि बाईला मूल हवे असते, तेव्हा तिच्यावर जबरदस्तीच होते. तिला मूल नको असते आणि चारचौघे धर्माचे नाव घेऊन ते लादतात, तेव्हाही तिच्यावर जबरदस्तीच होते. दोन्हीकडे तिला माणूस न मानता कोयत्याचा अर्धा भाग किंवा वंशाची पिशवी मानले जाते. आपण जो धर्म सोडला, तेथे आपले पाणी, आपला रस्ता, आपला स्पर्श यांचा निर्णय दुसरे करीत. कोपरगावच्या शेजारी येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती या गुलामीविरुद्ध. विहारात येऊन आपणच आपल्या बाईचा निर्णय हातात घेऊ लागलो, तर काय सोडले आणि काय घेतले?

कायदाही माहीत असावा, कारण अज्ञानात बाया गावठी उपायांकडे वळतात आणि जीव गमावतात. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेत बाईचा जीव वाचवण्यापुरती सूट सोडली तर गर्भपात गुन्हा होता. आपल्या राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत कायद्याने सांगितलेल्या कारणांसाठी एका डॉक्टरचे मत पुरते. त्या कारणांत गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हेही आहे. बलात्कारपीडित, अल्पवयीन मुली अशा काही स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने मुदत २४ आठवड्यांपर्यंत आहे. बाई सज्ञान असेल तर फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. आणि तिच्या संमतीविना गर्भ पाडणे हा मोठा गुन्हा आहे.

पण कायद्याने चालते म्हणून मनाचा प्रश्न सुटत नाही. माझे मत विचाराल तर, गर्भात जीव आहे हे मी नाकारत नाही, आणि दिवस वाढतात तसे त्या कृत्याचे ओझेही वाढते असे मला वाटते. तरीही जी बाई रडत, दोन लेकरांच्या तोंडाकडे पाहत हा निर्णय घेते, तिच्या चेतनेला मी खुनाची चेतना म्हणणार नाही. ओझे तिचे आहे, म्हणून निर्णयही तिचा असला पाहिजे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी स्वतःपुरते वेगळे वागावे. त्याने ते कमी बौद्ध होत नाहीत, आणि मीही होत नाही.

समाजाचे कर्तव्य मात्र मतापाशी थांबत नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना त्यांनी पापपुण्याचे प्रवचन दिले नाही. दार उघडे ठेवले. तेथे जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, त्यांनी स्वतःचे नाव दिले. १९३८ साली मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आपल्या नगर जिल्ह्यातून निवडून आलेले पी. जे. रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. संततिनियमन म्हणजे गर्भपात नव्हे. उलट ते वेळेवर मिळाले तर गर्भपाताची पाळीच येत नाही. आपल्या विहारांत यावर उघड बोलले जाते का? पुरुषांच्या नसबंदीचे नाव निघते का?

अंगुलिमाल भिक्षू झाल्यानंतरची गोष्ट आपण ऐकली आहे. भिक्षेला गेला असता त्याला एक बाई बाळंतवेणांनी तळमळताना दिसली. तथागतांनी त्याला तिच्याकडे परत पाठवले, तिचे आणि तिच्या गर्भाचे, दोघांचे कल्याण चिंतायला. ती कोण, तिचा नवरा कोण, हे कोणी विचारले नाही.

मी पुढच्या रविवारी त्या भगिनीकडे गेले. आजी माझ्या आधीच तेथे बसल्या होत्या. त्यांचे मत बदललेले नव्हते. दवाखान्यातली मुलगीही आली. आम्ही तिला सरकारी दवाखान्याची वेळ सांगितली, कायदा सांगितला, आणि मूल ठेवायचे ठरले तर हंगामभर तिच्या दोन लेकरांना कोण सांभाळेल हेही बोललो. आजींनी ते काम स्वतःकडे घेतले. मग आम्ही तिला विचारले, "तुला काय वाटतं?" पहिल्या दिवशी इतके बोलणे झाले, पण हे कोणी विचारलेच नव्हते. तिने काय ठरवले ते मी लिहिणार नाही. ते तिचे आहे. आपल्या विहारात असा प्रश्न आला, तर सुरुवात तेवढी येथून करावी.

जयभीम!