कर्ता एक, भोक्ता दुसरा

केलेल्या कर्माचे फळ न मिळता ते वाया जाणे आणि न केलेल्या कर्माचे फळ वाट्याला येणे, या दोन दोषांना भारतीय दर्शनांत ‘कृतनाश’ आणि ‘अकृताभ्यागम’ म्हणतात. नित्य आत्मा न मानणाऱ्यांवर नैयायिकांनी हेच आक्षेप घेतले. किरणोत्साराच्या दुर्घटनांमध्ये मात्र हे दोष वादापुरते राहत नाहीत, समोर घडताना दिसतात.

ब्राझीलमधील गोइयानिया शहरात कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या एका दवाखान्याने जागा बदलली. जुने यंत्र तिथेच राहिले. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी पडक्या इमारतीतून त्याचा भाग काढून भंगारवाल्याला विकला. आत सीझियम-१३७ ची भुकटी होती. अंधारात ती निळसर चमके. भंगारवाल्याने ती कौतुकाने नातलगांना आणि मित्रांना वाटली. घरातली माणसे आजारी पडू लागली तेव्हा त्याच्या पत्नीला संशय आला आणि ती वस्तू पिशवीत घालून बसने आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोहोचवली गेली. पुढे चौघांचा मृत्यू झाला. त्यांत ही स्त्री होती आणि एक सहा वर्षांची मुलगीही होती. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली. २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम सापडले.

यात हिंसा कोणी केली? बौद्ध विचारात चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. त्या मापाने इथे हत्या करणारा कोणीच सापडत नाही: भंगार उचलणाऱ्यांना पोट भरायचे होते, भुकटी वाटणाऱ्याला आनंद वाटायचा होता. जैन विचार या प्रसंगाला अधिक लागू पडतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, गोवलेला आहे. मारण्याची इच्छा नसली तरी बेफिकिरी दोषमुक्त होत नाही. भुकटी न ओळखणारा अज्ञानी होता; यंत्रात काय आहे हे ज्यांना ठाऊक होते, ते प्रमत्त. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीतही एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या यंत्रातले कोबाल्ट-६० भंगारात पोहोचले आणि एका कामगाराचा जीव गेला. जाणकाराचा प्रमाद आणि भंगारवाल्याचा भोग, अशीच वाटणी पुन्हा झाली.

कर्मवादी उत्तर देतो की त्या मुलीने भोगले ते तिचे प्रारब्ध. तर्क म्हणून ते टिकते, कारण भोगणाऱ्याचे प्रारब्ध करणाऱ्याचा दोष पुसत नाही. पण व्यवहारात हा दुसरा भाग सहज गळून पडतो आणि पीडितालाच अपराध्यासारखे वागवले जाते. अर्थात त्यासाठी कर्मसिद्धान्तच हवा असे नाही. त्या मुलीला शिशाचे अस्तर असलेल्या पेटीतून दफनासाठी नेले, तेव्हा भयभीत जमावाने दगडफेक केली.

काळाचा प्रश्न याहून अवघड आहे. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. तीनशे वर्षांनी त्याचा हजारावा हिस्सा उरेल. अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनातील प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४,१०० वर्षे आहे. सुमारे सव्वासातशे वर्षांपूर्वीची ज्ञानेश्वरी आज टिपांशिवाय कळत नाही. मग आजची धोक्याची पाटी तेव्हा कोण वाचणार? वीज वापरणारा एक आणि राख सांभाळणारा हजार पिढ्यांपलीकडचा, अशा वेळी ऋणाची कल्पनाही उलटते. परंपरेने ऋण पितरांचे सांगितले, वंशजांचे नव्हे; पितृऋण संततीच्या रूपाने फेडायचे असते, एवढाच काय तो पुढच्यांशी दुवा.

फिनलंडमध्ये ओन्कालो येथे सुमारे चारशे मीटर खोल पुरातन खडकात असे इंधन कायमचे गाडण्याची व्यवस्था उभारली आहे. तिची आखणी करताना एक गोष्ट गृहीत धरली आहे: नंतर तिच्यावर पहारा ठेवायला कोणी नसेल. भविष्यातल्या माणसाने अप्रमत्त राहावे अशी अपेक्षा तिथे केलेली नाही. लागेल ती सावधगिरी गाडणाऱ्यानेच आधी बाळगायची आहे.