रणभूमीचे बीज

रणात पडलेल्याचे स्मरण दगडाने करावे की झाडाने, हा प्रश्न आपल्याकडे सहसा उपस्थित होत नाही. सातारा-सांगलीकडील कित्येक गावांत देवळापाशी वीरगळ उभे असतात. तळाशी पडलेला वीर, वर लढाई, त्याहून वर अप्सरांसह स्वर्गारोहण. बहुतेकांवर नाव नसते.

झाडाने स्मरण करण्याचे प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या ‘लोन पाइन’ येथे घनघोर लढाई झाली. तुर्की शिपायांनी पाइनची झाडे तोडून त्यांच्या ओंडक्यांनी आपले खंदक झाकले होते. त्या फांद्यांवरचे एक बोंड एका ऑस्ट्रेलियन शिपायाने आईला पाठविले. त्याचा भाऊ त्याच लढाईत मारला गेला होता. आईने त्यातले बी १९२८ साली पेरले. दोन रोपे जगली, त्यांपैकी एक १९३४ साली कॅनबेरा येथे राजपुत्राच्या हस्ते लावण्यात आले.

आता, या झाडात त्या मुलाचे काय उरले? वस्तुतः काहीच नाही. बीज शत्रूच्या भूमीचे, आणि ते जमिनीवर आणणारी कुऱ्हाडही शत्रूचीच. परंतु मुलाला जे देणे आता शक्य नव्हते, ते पाणी, ती राखण दुसऱ्या कोणा जिवाला देता यावी, एवढा अर्थ त्या आईच्या कृतीत मला दिसतो आणि तो पुरेसा वाटतो. राजपुत्राच्या हातच्या रोपाविषयी मात्र मन साशंक होते. ज्या सत्तेने मुलगा रणात धाडला, तिनेच झाड लावले, की त्याच्या सावलीत ‘कशासाठी?’ हा प्रश्न विचारणे असभ्य ठरू लागते.

हा प्रश्न साताऱ्याला अधिक बोचणारा आहे. एकट्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या; कूत-अल-अमारा येथे १४७ दिवस वेढा सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले. पुढे १९२९ साली बसऱ्याचे स्मारक खुले झाले, तेव्हा त्यावर हिंदी पलटणींतील अधिकाऱ्यांची नावे कोरली होती. साध्या शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या.

समजा, उद्या कोणी कूतच्या खजुराची बी आणून अपशिंग्यात लावली. ती रुजेलही. (बीपासून वाढलेला खजूर नर की मादी, हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही, हा भाग वेगळा.) पण ते झाड कोणाचे? ज्यांच्या शेतांतून दोन्ही सैन्ये गेली त्या अरबांचेही ते आहे. आणि आपली माणसे परक्या साम्राज्यासाठी लढली, हे सत्य त्या झाडाआड लपवावयाचे काय? त्याने त्यांचे मरण हलके होत नाही. मग लपवावे तरी कशाला?

झाड लावू नये, असे माझे म्हणणे नाही. प्रथम घरोघर विचारून नावे गोळा करावीत, आणि उन्हाळ्यात पाणी कोणी घालावयाचे तेही ठरवावे. बी त्यानंतर मागवावी.