नोंद खरी, पण कुणासाठी?

जालन्यातल्या एका शोरूमचा स्टॉक मी सांभाळतो. ट्रेलरवरून गाडी उतरली की चॅसिस नंबर ताडून पाहायचा, इंजिन नंबर, रंग, व्हेरिएंट आणि यार्डातली जागा टिपायची. गाडी विकली की ‘वाहन’ पोर्टलवर तिची माहिती भरायची. एमएच-२१ ची पाटी लागेपर्यंत त्या गाडीची सगळी कुंडली माझ्याकडे असते.

चॅसिस नंबर १७ जागांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुद्दाम वगळलेली आहेत. एक आणि शून्याशी त्यांची गल्लत होऊ नये म्हणून. नंबर वाचणाऱ्या अनोळखी माणसाची कुणी एवढी काळजी घेतली. गाडी घेणाऱ्याची मी किती घेतो, हा प्रश्न मला हल्ली सोडत नाही.

माझ्या शीटमध्ये एक रकाना निर्मितीच्या महिन्याचा आहे आणि एक यार्डात उभ्या दिवसांचा. दिवस फार झाले की ओळ लाल होते, आणि लाल ओळ आधी काढायची असते. त्यामागचे कारण खोटे नाही. स्टॉक बँकेच्या पैशावर उभा असतो, व्याज रोज चढते, आमचे पगारही त्याच विक्रीतून निघतात.

पण गुढीपाडव्याला भोकरदनचा शेतकरी कापसाचे पैसे घेऊन घरच्यांसह येतो, तेव्हा त्याला मुहूर्तावर हजर गाडी हवी असते. हजर असते ती कधी कधी मागच्या नोव्हेंबर-डिसेंबरात बनलेली. उद्या ती विकायला काढली तर बाजार निर्मितीचे वर्ष धरतो, घरी आणल्याचे नाही. आरसीवर तो महिना छापून येतो खरा, पण आरसी हाती पडते ती पैसे देऊन झाल्यावर.

कुणी विचारले तर आम्ही खोटे सांगत नाही. पण विचारतो कोण? ज्याला आधीच ठाऊक आहे तो. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत आमचा खरेपणा पोचतच नाही. मग माझी नोंद बिनचूक असली तरी ती मालकाच्या, बँकेच्या आणि कंपनीच्या कामाची. ज्याच्या घामाचे पैसे गाडीत जातात, त्याला तिचा उपयोग काय?

हीच नोंद आपल्यावर शेकते तेव्हा किती महत्त्वाची होते, हे या धंद्याने पाहिले आहे. ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकाची गाडी विकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच ठरवून दिले होते. गाडी कोणत्या मानकाची, किती दिवस उभी, हे तेव्हा डीलरांना डोळ्यांत तेल घालून पाहावे लागले. स्वतःच्या तोट्यासाठी जी दक्षता, ती गिऱ्हाइकाच्या तोट्यासाठी का नको?

विवेकाला स्मरून मला एकच उत्तर सुचते. निर्मितीचा महिना कोटेशनवरच छापला पाहिजे, बुकिंगची रक्कम घेण्याआधी. हे मालकांपुढे मांडणे माझे काम आहे, कारण ती माहिती माझ्या हातात आहे. एखादे गिऱ्हाईक नव्या गाडीसाठी थांबेल, विक्री लांबेल. ते मी मालकांना आधीच सांगेन. दुसरे सवलत मागून तीच गाडी नेईल. पण ती सवलत कशाबद्दल, हे त्याला कळलेले असेल, आणि गाडी घेण्याचा निर्णय खरोखर त्याचा असेल.