थंय कोण रवता?

वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटं आहेत. वस्ती नाही, दीपस्तंभ तेवढा. तिथल्या काळोख्या गुहांत पाकोळ्या टकटक आवाज करत वाट शोधतात आणि आपल्याच लाळेनं कातळाला घरटी चिकटवतात. परदेशात त्यांचं सूप करतात, म्हणून ती चोरली जायची.

आमच्या वाडीतलाही एक जण जायचा. बाबांनी हटकलं तर म्हणाला, "थंय कोण रवता? मी कोणाचा घर मोडलंय?" बाबांना उत्तर सुचलं नाही. त्याच पैशांतून लेकीची फी भरलेली, तेही आम्हांला ठाऊक.

पुढे वादळात आमची कौलं उडाली. छपरावर चढायला पहिला तोच आला. खाली उभा राहून मी एकेक कौल त्याच्या हातात देत होतो. पाकोळ्यांचा विषय तोंडावर आलेला, काढला नाही.