गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं?

उठून बस आधी. मी बोलत असताना भिंतीकडे तोंड करायचं नाही. दहावीत खपवून घेतलं नाही, आताही घेणार नाही.

ग्लासगोहून परत आलास म्हणून मी रागावलेले नाही. डिसेंबरात तिथे पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, एका घरात राहणारी मुलं एकमेकांशी चार शब्द बोलत नाहीत, प्रबंध अर्धवट, डोक्यावर बँकेचं कर्ज. तशात तू आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेलास, नैराश्य आहे हे ऐकून घेतलंस, सर्ट्रालीन सुरू केलंस. शहाण्यासारखं वागलास. मग सांगलीत उतरल्यावर ते शहाणपण कुठे गेलं? एका रात्रीत औषध बंद? कुणाला विचारून?

अरे, विज्ञान शिकवलंय मी तुला. या औषधांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटतो. थांबवायची वेळ आली की डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. तू एकदम सोडलीस. आता चक्कर येते, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखं होतं, झोप उडालीय, आणि आईला सांगतोस की गोळ्यांनीच वाट लावली! एकदम सोडल्यावर नेमकं असंच होऊ शकतं.

घरी आलो म्हणजे बरा झालो, हे डोक्यातून काढ. मला ठाऊक आहे तुझं काय चाललंय. तिथे वाईट वाटत होतं तर दोष थंडीला देता येत होता, एकटेपणाला देता येत होता. इथे आईच्या हातची भाकरी समोर आहे, बाबा उशाशी बसतात, तरी घास उतरत नाही. त्याची तुला लाज वाटते. म्हणून दिवसभर हसऱ्या चेहऱ्याचं सोंग करतोस आणि रात्रभर छताकडे बघत पडतोस. बंद कर ते सोंग! तुझ्या हसण्यावर आईबाबांचा विश्वास नाही. रोज तुझ्या खोलीबाहेर उभे राहतात दोघं.

आणि ताई, तुम्हीही ऐका. ‘सुट्टीवर आलाय’ असं शेजाऱ्यांना सांगणं थांबवा. तुम्ही लपवता, म्हणून त्याला आपण लपवण्यासारखे आहोत असं वाटतं. नोकरीचा विषय नको, लग्नाचा तर नाहीच.

सोमवारी मिरजेला शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात जायचं. मी येते बरोबर. ग्लासगोच्या डॉक्टरचा कागद बरोबर घे, त्यावर औषधाचं मूळ नाव नि मात्रा असेल. कंपनीचं नाव इथे वेगळं असतं. तोवर स्वतःच्या मनाने गोळ्या पुन्हा सुरू करायच्या नाहीत. कुणाला कळेल म्हणून घाबरतोस? आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क 2017 च्या कायद्याने तुला दिलाय.

आता एक विचारते, खरं सांग. जगू नये असं वाटतं का? मान हलवू नकोस, तोंडाने बोल. वाटत असेल तर सोमवारची वाट बघायची नाही, आत्ता निघू. पुढे कधी रात्री-अपरात्री तसं वाटलं तर आईला उठवायचं, मला फोन करायचा. ‘टेली मानस’चा 14416 हा नंबरही भिंतीवर लिहून ठेव, तिथे चोवीस तास माणूस बोलायला असतं, मराठीतही.

सोमवारी आठला रिक्षा दारात असेल. दाढी नाही केलीस तरी चालेल. बोल आता, मी ऐकतेय.