पहिल्या अंघोळीचा साबण

सप्टेंबर १९५७मध्ये जेम्स व्हिकरी या अमेरिकी बाजार-संशोधकाने न्यूयॉर्कला पत्रकारांना बोलावलं आणि एक अचाट दावा केला. न्यू जर्सीतल्या एका थिएटरात सिनेमा चालू असताना त्याने पडद्यावर ‘कोका-कोला प्या’, ‘पॉपकॉर्न खा’ अशी वाक्यं सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरती चमकवली म्हणे. डोळ्यांना काहीच दिसलं नाही, पण पॉपकॉर्नचा खप ५७.५ टक्क्यांनी वाढला. लोक हादरले. १९६२मध्ये व्हिकरीनेच कबुली दिली, की हाताशी धड माहितीही नव्हती, सगळा गाजावाजाच होता. ती कबुली फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. ‘जाहिरातवाले नकळत डोक्यात काहीतरी घुसवतात’ हे मात्र आपण अजून एकमेकांना ऐकवतो. सोयीचं आहे ना ते! नकळत झालं म्हटलं की आपल्याकडे बोट येत नाही.

जाहिरात खरं तर लख्ख उजेडात काम करते. आणि ती इच्छा पेरते, हेही मला पटत नाही. इच्छा, लाज, सण, नाती हा ऐवज आपल्या घरात आधीचाच असतो. एसटी फलाटाला लागता लागता खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे असतात ना, तसं जाहिरातीचं आहे. गाडी तिची नाही, रस्ताही तिचा नाही. जागा मात्र तिची.

ही कला शास्त्र म्हणून मांडणाऱ्यांत अर्न्स्ट डिख्टरचं नाव वरचं. व्हिएन्नाचा हा मानसशास्त्रज्ञ १९३८मध्ये अमेरिकेत आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्याकडे आयव्हरी साबणाचं काम आलं. ‘तुम्ही कोणता साबण वापरता आणि का?’ हा ठरीव प्रश्न त्याने बाजूला ठेवला आणि लोकांना नुसतं अंघोळीबद्दल बोलायला लावलं. तेव्हा कळलं, की शनिवारी संध्याकाळी मैत्रिणीला किंवा मित्राला भेटायला जाण्याआधीची अंघोळ वेगळी असते. ती निवांत चालते, मळाबरोबर आठवड्याची कटकटही धुऊन काढते. अंघोळ हा विधी आहे, हे डिख्टरला उमगलं. साबणाला त्या विधीत बसवायचं, एवढंच मग उरलं.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागू नये, कारण आपल्याकडे मोती साबण आहे. मूळचा टाटा ऑइल मिल्सचा, नव्वदच्या दशकात ती कंपनी विलीन झाल्यावर हिंदुस्थान लिव्हरकडे गेलेला, गोल नि जाडजूड. नरकचतुर्दशीची पहाट, तेल, उटणं, पायाखाली फोडलेलं कारीट, या सगळ्यात साबणाला मुळात काही काम नव्हतं. अंग स्वच्छ करायला उटणं होतंच. तरी आज असंख्य घरांत पहिल्या अंघोळीला मोती लागतो. वर्षभर जो साबण चालतो, तो त्या दिवशी चालत नाही. पहाटे दारं ठोठावून शेजाऱ्यांना उठवणारी त्याची जाहिरात त्वचेबद्दल बोलत बसत नाही, दिवाळी आल्याचं सांगते. वास आठवणीला चटकन जाऊन भिडतो. दरवर्षी त्याच थंडीत, त्याच अंधारात तोच वास आला की काही वर्षांत तो वास म्हणजेच दिवाळी होते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटायची, त्यातलाच हा प्रकार. माणसाचं वर्तन असंच घडवता येतं असं मानणारा जॉन वॉटसन १९२०मध्ये विद्यापीठाची नोकरी गेल्यावर जे. वॉल्टर थॉम्सन या जाहिरातसंस्थेतच दाखल झाला होता.

कॅडबरीची गोष्ट याहून धीट आहे. चॉकलेट हा पोरांचा खाऊ, मोठ्यांनी खाणं जरा पोरकटच, असा संकोच होता. १९९४च्या क्रिकेटच्या जाहिरातीत एक मुलगी नाचत मैदानात शिरली आणि मोठ्यांना त्यातून मोकळीक मिळाली. पुढे ऑक्टोबर २००३मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत चॉकलेटात अळ्या सापडल्या. कंपनीने वेष्टन बदललं, अमिताभ बच्चनला आणलं, आणि मग थेट मिठाईच्या जागेवर हक्क सांगितला. ‘शुभ आरंभ’ या मोहिमेने तर परीक्षेला निघताना आई हातावर ठेवते त्या दही-साखरेची जागाही सोडली नाही. जिच्या चॉकलेटात अळ्या निघाल्या तीच कंपनी थोड्याच वर्षांत शुभशकुन विकू लागली! या कारागिरीला मी मनापासून दाद देतो.

दाद देता येत नाही ती लाजेवर धंदा करणाऱ्यांना. फेअर अँड लव्हली १९७५ची. ‘गोरी, सुंदर, गृहकृत्यदक्ष’ ही अट लग्नाच्या बाजारात त्याआधीपासून होतीच. क्रीमने ती शोधली नाही. ‘समाजात आहे तेच आम्ही दाखवतो’ हा जाहिरातवाल्यांचा बचाव इथूनच येतो. तो अर्धाच खरा आहे. मावशी कुजबुजत बोलायची ती गोष्ट टीव्हीवर रोज संध्याकाळी ऐकू आली की टोमण्याचा नियम होतो. मुलगाच हवा होता असं हळहळणारा बाप आणि क्रीम लावून हवाई सुंदरी झालेली त्याची मुलगी, अशी जाहिरात होती. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, तेव्हा २००३मध्ये असल्या जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. नावातला ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं.

हे सगळं निदान समोर दिसत तरी होतं. मोबाइलवरचं दुकान सण यायची वाट पाहत नाही. ‘फक्त २ शिल्लक’ म्हणून घाई करतं, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकतं, नाही म्हणणाऱ्याला ओशाळं करतं. व्हिकरीला जे जमलं नाही, त्याच्या बरंच जवळ हे पोचलं आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांच्यावर बंदी घातली. तरी त्यातल्या काही या दिवाळीतही तुमच्या हातातल्या फोनवर दिसतील. दिसल्या की स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. हवाई सुंदरीची ती जाहिरातही तक्रारींनीच बंद पाडली होती.