पडल्यानंतरची नमाज



सरावात पडून हाड मोडलेला खेळाडू घरी आणला की घरात पहिला शब्द उमटतो तो ‘जर’. जर आज गेलाच नसता! जर वडिलांचे ऐकले असते! सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या ‘जर’पासून सावध केले आहे, तो शैतानासाठी दार उघडतो, असा तिचा आशय. त्याच हदीसचा आरंभ मात्र आपण विसरतो. सबळ मोमिन अल्लाहला दुर्बळ मोमिनापेक्षा अधिक प्रिय आहे, असे तेथे म्हटले आहे, आणि हिताच्या गोष्टीसाठी झटण्याची, हातपाय न गाळण्याची ताकीदही आहे.

नागपूरला सायकलीचे वेड नवे नाही. येथील डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत एकट्याने पूर्ण केली. सेमिनरी हिल्सच्या चढावर पहाटे घाम गाळणाऱ्या मुलाला आपण वेळ वाया घालवणारा समजू नये. प्रेषितांनी (स.) मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या आणि हजरत इब्ने उमर (रजि.) स्वतः त्यांत धावले, हे बुखारीत नोंदलेले आहे. हेल्मेट न घालता उतारावर सुटणे मात्र तवक्कुल नव्हे. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण लहान मुलांनाही ठाऊक असते.

कोलंबियाचा एगन बर्नाल किशोरवयात डोंगरवाटांवर सायकल चालवत असे. पुढे 2019 मध्ये, बावीस वर्षांचा असताना, त्याने टूर द फ्रान्स जिंकली. जानेवारी 2022 मध्ये सराव करताना तो थांबलेल्या बसवर मागून आदळला. मणके, मांडीचे हाड, गुडघ्याची वाटी, बरगड्या मोडल्या. फुप्फुसालाही इजा झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो पुन्हा शर्यतीत उतरला आणि 2025 मध्ये स्पेनच्या मोठ्या शर्यतीचा एक टप्पा त्याने जिंकला. टूरचे विजेतेपद मात्र पुन्हा हाती आलेले नाही.

अशा कथा सांगून जखमी मुलाला धीर देण्याची आपल्याला सवय आहे. पण ज्याचा गुडघा पूर्वीसारखा होणारच नाही, त्याला काय सांगावे?

त्याला मदीनेतील ती घटना सांगावी. प्रेषित (स.) घोड्यावरून पडले. हजरत अनस (रजि.) सांगतात, उजवी कूस खरचटली होती, हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनात पायही निखळल्याचा उल्लेख आहे. साथी विचारपूस करायला गेले, तेव्हा प्रेषितांनी (स.) बसून नमाज अदा केली. अल्लाहचे प्रेषित उभे राहू शकत नव्हते, आणि त्यात त्यांच्या दर्जाला कणभरही उणेपणा आला नाही.

म्हणून प्लास्टर घातलेल्या मुलाला ‘बरा झालास की नमाज पढ’ असे म्हणू नका. उभे राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर कुशीवर पडून, ही सवलत हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना खुद्द प्रेषितांनी (स.) दिली. वुजूत उघडे अवयव धुवावेत आणि प्लास्टरवरून ओला हात फिरवावा. आणखी एक दिलासा आहे, तो तर खेळाडूसाठीच सांगितला असावा असे वाटते: माणूस आजारी पडला तर निरोगीपणी जी सत्कर्मे तो करीत असे, तितकेच पुण्य त्याच्या नावे लिहिले जाते. रोज फज्रला मशिदीत पायी जाणारा मुलगा आज खाटेवर आहे, पण त्याची ती पावले मोजली जात आहेत.

उपचार करून घेणे हाही प्रेषितांचाच (स.) आदेश आहे. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम कंटाळवाणा असतो आणि दुखतोही. ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून तो टाळणे योग्य नाही. भेटीला जाणाऱ्यांनी थोडा वेळ बसावे, दुआ करावी, अपघात कसा झाला हे पुन्हा पुन्हा विचारू नये. आईने मुलाची सायकल रागाने विकून टाकण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे.